साहेब, ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणजे कधी?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात पुण्यातले एक आजोबा वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी नळ्या-यंत्रं लावून आपल्याला जगवू नका असं आधीच लिहून ठेवलेला कागद, साक्षांकित करून घ्यायला निघाले. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हटल्यावर नोटरीनं हात वर केले. राजपत्रित अधिकारी म्हणाले, “वर विचारतो, पुढच्या महिन्यात या.”

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला असं इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ ला रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. मुख्य अट ही, की सही करणाऱ्याला कळत असलं पाहिजे. निदान झालं म्हणजे समज गेली असं नसतं. पण ती जाते, आणि तुमच्या ‘वर विचारतो’साठी थांबत नाही.

कागद नसला की डिमेन्शियाच्या माणसाचा शेवट कसा होतो, ऐका. बोलणं पाच-सहा शब्दांवर आलेलं, बसवलं तरी मान कलते, घास गालात राहतो. मग ताप, १०८, आयसीयू, नाकात नळी. नळीनं न्यूमोनिया टळत नाही, साहेब. लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न फुप्फुसात जायचं ते जातंच. नळी खुपते म्हणून माणूस ती उपसतो, म्हणून हात बांधतात, आणि हलता येईना की माकडहाडावर बेडसोअर.

खरं तर नळी नाही, भरवायला चहाचा चमचा लागतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा गुरगुट्या भात किंवा दाट पेज. पातळ पाण्यानं लवकर ठसका लागतो. कंठ वर-खाली झालेला बघायचा, दुसऱ्यांदा गिळू द्यायचं, मग पुढचा चमचा. एका वाटीला चाळीस मिनिटं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंड फिरवलं की थांबायचं. शेवटी शेवटी भूकच लागत नाही, तेव्हा नुसते ओठ ओले ठेवायचे.

ह्या चाळीस मिनिटांचे पैसे कुठल्या योजनेत आहेत? सत्तरीपुढच्यांना केंद्राचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळालं, आभारी आहोत; ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालतं. घरी ब्युरोची बाई, दिवसाला चार डायपर, भाड्याची हवेची गादी धरा, महिन्याला चाळीस हजार कुठे गेले कळत नाही. पाच हजार इकडेतिकडे असतील, हिशेब तुमच्या खात्यानं करावा.

दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. श्वास, कण्हणं, चेहरा, आवळलेल्या मुठी आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, ह्या पाच गोष्टींवरून दहापैकी गुण देतात. एका पानाचा तक्ता आहे, किती वॉर्डांत दिसतो? तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनचा कायदा २०१४ मध्ये सैल झाला. पुण्यात वारज्याला १९९७ पासून वेदना कमी करणारं शुश्रूषा केंद्र आहे, पण ते मुख्यतः कॅन्सरवाल्यांसाठी. बाकीच्यांनी आधी गाठ आणावी काय?

आणि माणूस रात्री दोनला घरीच शांतपणे गेला, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४अ) भरून द्यायला डॉक्टर मिळत नाही. सकाळी अंत्यविधीच्या पाससाठी पळापळ नको म्हणून घरचे लोक माणसात जीव असतानाच ॲम्ब्युलन्स बोलावतात. इमारतींना निधी आहे, फीत कापायला पाहुणे आहेत. घरी जाणाऱ्या नर्सच्या पेट्रोलला तेवढं बजेटात हेड नाही.

सध्या इतकंच करा. इच्छापत्रावर सही करणारा अधिकारी आणि त्याची प्रत जमा करून घेणारा अधिकारी, दोघांची नावं व खोली क्रमांक कळवा. आजोबांना सकाळी अकराच्या आत आणतो. दुपारनंतर त्यांना माणसं ओळखू येत नाहीत.

आपले,
घरोघरी शुश्रूषा करणारे, पुणे