यकृताच्या पेशींचं अंथरूण

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

औषध तपासायला यकृताच्या पेशी कुठल्या घेऊ, एवढंच विचारलंस. त्या कशावर वाढवणार हे विचारलंच नाहीस! अगं, खरी मेख तिथंच आहे.

माणसाच्या यकृताच्या पेशी साध्या प्लास्टिकवर नीट धरत नाहीत. धरल्या तरी दोन-तीन दिवसांत चपट्या होतात आणि औषध पचवणारी सीवायपी एन्झाइम्स झपाट्याने उतरतात. पेशी जिवंत, पण यकृतपण गेलेलं. म्हणून खाली कोलॅजेन या प्रथिनाचा थर देतात, बहुधा उंदराच्या शेपटीतून काढलेला. हे घरी सांगितलं तर आईने महिनाभर माझा डबा वेगळा घासला.

पेशींच्या वरून मॅट्रिजेल नावाच्या जेलीचा पातळ थर दिला की झालं सँडविच. चार-पाच दिवसांनी मायक्रोस्कोपखाली शेजारच्या दोन पेशींमध्ये चकचकीत रेघ उमटते, ती पित्तनलिका. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्यांना ओढून आणून दाखवली होती. औषध पित्तात उतरतं का, हे बघायचं तर सँडविचच हवं. पण नुसता पचनाचा वेग मोजायचा असेल तर प्लेटही नको; द्रवात सुट्या पेशी चारेक तास पुरतात. उगाच पैसे घालू नकोस.

मॅट्रिजेल रात्रभर फ्रिजमध्ये बर्फावर वितळव, आणि पिपेटच्या टिपासुद्धा गार ठेव, ऊब लागली की ते घट्ट होतं. मी ठेवल्या नव्हत्या, टिपेतच दही लागलं! मॅट्रिजेल उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतून काढतात, त्यामुळे लॉटगणिक (दर खेपेच्या मालात) फरक पडतो. अख्ख्या कामाला पुरेल इतका एकच लॉट आधी मागवून ठेव.

हेप-जीटू ही यकृताच्या कर्करोगातून आलेली पेशींची जात स्वस्त पडते आणि प्लास्टिकवर छान वाढते, पण तिच्यात सीवायपी फार कमी. पेशी वाढवायच्या सिलिकॉनच्या चिपांचंही बघ, तेलकट औषधं त्या शोषून घेतात. वहीत औषधाची मात्रा दहा मायक्रोमोलर, पेशीला मिळालं भलतंच. माध्यमात किती उरलं ते मोजूनच घे.

आणि किती दिवस बघायचं ते आधी ठरव. १९९३ मधलं फियालुरिडीन, ते हिपॅटायटिस बी वरचं औषध, आठवतं? चाचणीतल्या १५ रुग्णांपैकी ५ दगावले. प्राण्यांवर यकृताचा धोका दिसला नव्हता आणि माणसांत तो कित्येक आठवड्यांनी उघडा पडला. दोन दिवसांच्या प्लेटवर तसलं काय दिसणार? तिथे फायब्रोब्लास्टची (संयोजी ऊतीतल्या पेशींची) सोबत देऊन पेशी आठवडेच्या आठवडे टिकवाव्या लागतात.

तुझं औषध कुठलं, पाण्यात विरघळतं का आणि किती दिवस बघायचंय, एवढं कळव. मग प्लेटचं बोलू. काकूंना नमस्कार.

तुझी,
वैशू