बोधचिन्ह छपाईला जाण्याआधी

शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांसाठी:

आपल्या प्राथमिक शाळेचे नवे बोधचिन्ह सोमवारी छपाईला जाईल. शनिवारपर्यंत कृपया एवढे तपासा.

शाळेचे नाव यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीकोशात, नोंद आहे तसेच हवे. फलकावर ‘प्राथमिक’ आणि दाखल्यावर ‘प्राथ.’ असे चालणार नाही.

चिन्ह आधी खिशावरच्या बिल्ल्याच्या मापात, 6 सेंटिमीटर रुंद, काळ्या-पांढऱ्यात छापून पाहा. भरतकामात 1 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नीट उठत नाही आणि अक्षर 5 मिलिमीटरपेक्षा लहान झाले की ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. म्हणून बिल्ल्यावर ब्रीदवाक्य नकोच. रंग दोन पुरेत.

फ्लेक्सवाल्याला अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकृत्यांत, बदललेली पीडीएफ द्या. त्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला की ‘विद्या’ची ‘विद्‌या’ होते, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ताणून मोठा करायला मुळीच देऊ नका, कडा फुटतात.

पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईत जांभळट उतरतो. कागदावरचा नमुना दिवसाच्या उजेडात पाहूनच होकार कळवा.