कादंबरीतला पैसा पडद्यावर कुठे जातो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या सिनेमांबद्दलचा लेख वाचला. लेख चांगला आहे पण सगळा भर एकाच गोष्टीवर, म्हणजे हिरो-हिरोइन पुस्तकातल्यासारखे दिसतात का, कपडे त्या काळातले वाटतात का वगैरे. अहो कपड्यांचं काय घेऊन बसलात, ते काम ही मंडळी चोख करतात, बॉनेट, बग्गी, मेणबत्त्या, धुकं सगळं जिथल्या तिथे असतं. माझी तक्रार वेगळीच आहे. व्हिक्टोरियन कादंबरी सिनेमासाठी घेतली की कात्री बहुतेक वेळा आधी पैशाच्या भागावर चालते आणि मग हातात राहते ती नुसती लव्हस्टोरी.

'जेन एअर'चंच बघा. जेन रोचेस्टर नावाच्या श्रीमंत माणसाकडे गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून लागते ती वर्षाला ३० पौंडांवर. मामी मरणाला टेकलीये म्हणून ती रोचेस्टरकडे रजा मागायला जाते, तो विचारतो जवळ पैसे किती आहेत, ती पर्स काढून दाखवते तर आत जेमतेम ५ शिलिंग. त्याला हसू येतं आणि तो सरळ ५० पौंडांची नोट पुढे करतो. पण तिचा पगार झालाय १५ पौंड, त्यावर एक पैसा ती घ्यायला तयार नाही. मग तो म्हणतो बरोबर, ५० दिले तर तीन महिने फिरकणार नाहीस, आणि तिला १० च देतो. ही लगेच म्हणते, म्हणजे आता तुमच्याकडे माझे ५ राहिले! ये की मग परत घ्यायला, असं त्याचं उत्तर. पुढे जरा वेळाने हा पठ्ठ्या दिलेल्यातले ९ पौंड परत मागतो आणि ती पर्स पाठीमागे लपवते. दोघांचं काय चाललंय हे या देण्याघेण्यातच सगळं कळतं, कुणाला कुणावर प्रेम आहे हे वेगळं सांगावंच लागत नाही. आणि शूट करायला काय लागतं, तर दोन माणसं आणि एक पर्स.

पुढे तिला मडेरातल्या काकाचे २०,००० पौंड मिळतात, ती ते तीन भावंडांबरोबर सारखे वाटून घेते, म्हणजे वाट्याला ५,०००. ३० पौंडांच्या हिशेबाने दीडशेहून जास्त वर्षांचा पगार झाला हा! ती रोचेस्टरकडे परत जाते ती यानंतर, स्वतःच्या पैशावर, कुणाची नोकर म्हणून नाही. हा भाग उडवला किंवा घाईत उरकला की ती फक्त प्रेमाखातर धावत गेली असं होतं, आणि ते वेगळंच पात्र झालं.

'वदरिंग हाइट्स'चं तर विचारूच नका. १९३९ चा विल्यम वायलरचा सिनेमा देखणा आहे, नायक हीथक्लिफच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए आहे, पण त्याची प्रेयसी कॅथी दुसऱ्याशी लग्न करते, त्या कॅथीच्या मुलीची पिढी त्यात नाहीच. हीथक्लिफचा खरा सूड त्या पिढीत आहे हो. कॅथीच्या जुगारी भावाची, हिंडलीची जमीन गहाण ठेवून घेऊन एक घर त्याने आधीच घशात घातलेलं असतं, दुसरं, म्हणजे कॅथीच्या सासरचं, मिळवायला तो आपल्या आजारी मुलाचं लग्न त्या मुलीशी जबरदस्तीने लावून देतो, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोचा पैसाअडका नवऱ्याच्या नावावर जायचा. हे बदलणारा मोठा कायदा आला १८८२ मध्ये, कादंबरी आहे १८४७ ची. हे सगळं वगळलं की हीथक्लिफ म्हणजे माळरानावर प्रेयसीसाठी तळमळणारा माणूस, बस. पुस्तकातला हीथक्लिफ कागदपत्रं पक्की करून घेणारा आहे, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

आता कुणी म्हणेल दोन तासांत मृत्युपत्रं आणि गहाणखतं कशी बसवणार. ते कठीण आहे, मान्य. पण डेव्हिड लीनने १९४६ मध्ये 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' साधारण दोन तासांतच बसवला, ऑर्लिकसारखं पात्र सरळ काढून टाकलं, शेवटही स्वतःचा केला, पण नायक पिपचा थाट एका कैद्याच्या पैशावर चाललाय हे मात्र सोडलं नाही. काय कापायचं ते त्याला कळत होतं. बीबीसीने २००५ मध्ये 'ब्लीक हाउस'चे १५ भाग केले, बहुतेक अर्ध्या अर्ध्या तासाचे, कादंबरीही मुळात महिन्याला एक हप्ता अशीच निघालेली, त्यामुळे कोर्टातला तो वर्षानुवर्षं चाललेला वारसाचा खटला आणि शेवटी सगळी इस्टेट खर्चातच संपते हे त्यात नीट मावलं.

तेव्हा तुमच्या समीक्षकांना एवढीच विनंती, पुढच्या वेळी असा सिनेमा आला की पोशाखाला स्टार द्या खुशाल, पण त्यात कोण कुणाचं देणं लागतंय हे प्रेक्षकाला कळलं की नाही तेही दोन ओळी लिहा.

आपला,
एक नियमित वाचक