बर्फगार बर्गंडीत दोषही लपतो

संपादक महाशय,

रविवार पुरवणीतल्या वाइनविषयक लेखात पांढरी वाइन 'बर्फात बुडवून गारेगार' पिण्याचा सल्ला आहे. साध्या, हलक्या वाइनला तो चालून जाईल. मर्सो किंवा प्युलिन्यी-मोंराशे या गावांतल्यासारख्या पांढऱ्या बर्गंडीला, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या शार्दोने द्राक्षाच्या वाइनला, मात्र तो घातक आहे. (लेखात 'मॉन्ट्राचेट' छापले आहे, त्यातले दोन्ही 'ट' मुके असतात.)

फ्रिजमधून नुकतीच काढलेली बाटली ४-५ अंशांवर असते. इतक्या गारठ्यात वास वर येतच नाही, जिभेला फक्त आंबटपणा टोचतो. ही वाइन ११ ते १३ अंशांवर चाखावी. त्यासाठी बाटली वीसेक मिनिटे आधी बाहेर काढावी. आपल्याकडच्या मे महिन्यात दहा मिनिटेही पुरतात. पोट रुंद असलेल्या ग्लासात ६०-७० मिली ओतावी, अधिक नको.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून पाहावा. तीन-चार वर्षांची वाइन फिकट पिवळी, क्वचित हिरवट झाक असलेली असते. त्याच वयाची गडद सोनेरी किंवा तांबूस दिसली, तर संशय घ्यावा. तळाशी साखरेसारखे खडे असतील तर घाबरू नये. ते गारठ्याने बसलेले टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, निरुपद्रवी.

वास आधी ग्लास न हलवता घ्यावा, मग फिरवून. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास आला तर तो गंधकयुक्त घटकांचा. हवा लागली की बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो, आणि थोडा असला तर पुष्कळांना आवडतोही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाच्या दोषाचा. तो हवेने जात नाही, उलट वाइन कोमट होत जाते तसा उघडा पडतो. म्हणजे बर्फात बुडवलेल्या बाटलीत तो सहज निसटतो.

तिसरा दोष या प्रांताला फार भोवला. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या अनेक चांगल्या बाटल्या अकालीच ऑक्सिडाइझ झालेल्या, म्हणजे ऑक्सिजनने बिघडलेल्या निघाल्या: चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा, शिळ्या मधाचा वास, आणि चव मध्येच तुटलेली. बुचांचा दर्जा, वाइन टिकवण्यासाठी घालायचा सल्फर कमी असणे, पिंपातला गाळ फार ढवळणे अशा अनेक कारणांकडे बोट दाखवले गेले. एकाच खोक्यातली एक बाटली उत्तम, शेजारची गेलेली, असेही घडते. त्यामुळे ही वाइन 'जितकी जुनी तितकी उंची' हे लेखातले विधान बिनशर्त मान्य करता येत नाही.

लोण्याची झाक हाही दर्जाचा पुरावा नव्हे. जिवाणू द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा ती येते. ओकच्या नव्या पिंपाने व्हॅनिला चढतो. हे दोन्ही कुठल्याही शार्दोनेत आणता येतात. पाहायचे ते हे, की घोट गिळल्यावर लिंबाचा ताजेपणा आणि भाजलेल्या हेझलनटची चव किती वेळ रेंगाळते. पाच-सहा सेकंदांत संपली तर साधी. पंधरा सेकंदांपुढे टिकली तर बाटली मोलाची. बर्गंडीच्याच उत्तरेकडच्या शाब्लीला हाच निकष जपून लावावा, कारण ती पुष्कळदा स्टीलच्या टाकीत होते आणि मुळातच सडसडीत असते.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. निकोप वाइन बहुधा तशीच राहते, कधी अधिक खुलतेही. ऑक्सिडाइझ होऊ लागलेली रात्रीतून आणखी तपकिरी पडते.

— एक वाचक, नाशिक