दुरुस्तीनंतर जाम झालेले आउटबोर्ड इंजिन आणि हमी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १५ हॉर्सपॉवर टू-स्ट्रोक इंजिनची सदोष दुरुस्ती

महोदय,

मी मालवण तालुक्यातल्या देवबागचा मच्छीमार. माझ्या फायबरच्या होडीवर तुमच्या कंपनीचे, होडीच्या मागे बाहेरून बसवायचे (आउटबोर्ड) दोन सिलिंडरचे इंजिन आहे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ते तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात पूर्ण ओव्हरहॉलला दिले होते. दोन्ही सिलिंडर बोअर करून (आतून कातून किंचित रुंद करून) ०.२५ मिमी ओव्हरसाइजचे, म्हणजे तितके मोठे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि ऑइल सीलचा पूर्ण संच असे बिल मी रोखीने भरले. कामाला सहा महिन्यांची लेखी हमी दिली होती. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली आणि हमीची निम्मी मुदतही सरली नव्हती, तोच इंजिन जाम झाले. केंद्राने एका ओळीत हमी नाकारली : "ग्राहकाने पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातले."

हे कारण मला मान्य नाही, आणि ते का टिकत नाही ते इथे लिहितो.

माझ्या इंजिनला टाकी एक, कार्ब्युरेटर एक आणि पाण्याचा पंपही एकच. टाकीत मिसळलेले ऑइल दोन्ही सिलिंडरमध्ये सारखेच जाते. ऑइल कमी असते तर दोन्ही पिस्टन घासले असते. प्रत्यक्षात फक्त वरचा गेला. खालचा पिस्टन स्वच्छ आहे आणि त्या सिलिंडरमध्ये होनिंगच्या (सिलिंडर आतून घासताना उमटलेल्या) तिरप्या रेषा अजून दिसतात. कमी ऑइलवर चाललेल्या सिलिंडरमध्ये त्या राहत नाहीत. तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे रनिंग-इनला (नवे भाग रुळेपर्यंत) पेट्रोल-ऑइल २५ ला १, म्हणजे २० लिटरला ८०० मिली, आणि त्यानंतर ५० ला १ असे प्रमाण मी ठेवले. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, आउटबोर्डचेच आहे. मोटरसायकलचे ऑइल मी कधी वापरत नाही. डबे आणि पावत्या घरी आहेत.

मग वरचाच सिलिंडर का गेला? इंजिन घरी आल्यापासून गिअर न्यूट्रलला असताना रेस आपोआप चढायची आणि पटकन खाली यायची नाही. मी केंद्राला फोन केला. "नवीन रिंगा आहेत, बसतील, कार्ब्युरेटर ट्यून करून घ्या," असे उत्तर मिळाले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमागच्या बंद कप्प्यात येते आणि तिथून पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून) सिलिंडरमध्ये जाते. दोन सिलिंडरच्या दोन क्रँककेस वेगळ्या असतात. वरच्या क्रँककेसला फ्लायव्हीलखाली ऑइल सील असतो. तो हवा ओढू लागला की फक्त वरच्या सिलिंडरचे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. रेस चढते, पिस्टन तापतो, आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही हवेच्या मानाने अपुरे पडते. हे तुमच्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवे. फोनवर लक्षण ऐकताच इंजिन परत मागवायला हवे होते.

हमी नाकारल्याचे लेखी आल्यावर मी आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींकडून, दोन साक्षीदारांसमोर, इंजिन तपासून घेतले. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. आधी दोन्ही प्लग काढले. खालचा चॉकलेटी होता, वरचा चुन्यासारखा पांढरा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन (दाब) मोजायचे गेज लावले आणि प्लगच्या वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. खाली ११५ पीएसआय, वर ७०. त्यानंतर पॉवरहेड (इंजिनचा वरचा मुख्य भाग) उतरवून इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबर व पत्र्याच्या झाकणांनी बंद केली आणि सायकलच्या पंपाने जेमतेम ५ पीएसआय हवा भरली. काटा लगेच खाली येऊ लागला. सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले तेव्हा बाकी सगळीकडे कोरडे, आणि वरच्या सीलभोवती सलग फेस.

तो सील काढला. रबर इतके कडक की नखाने दबत नाही. ओठाला बारीक भेगा आहेत आणि आतली स्प्रिंग गंजलेली आहे. काही आठवड्यांपूर्वी बसवलेल्या सीलची अशी अवस्था होत नाही. बिलात लावलेला सील इंजिनमध्ये बसवलेलाच नाही, असे मी स्पष्ट लिहितो.

दुसरी चूक बोअरिंगची. सिलिंडर बोअर केल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या कानशीने किंवा पॉलिश पेपरने किंचित मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग त्यात अडकते. माझ्या सिलिंडरमध्ये त्या कडेवर बोट फिरवले तर कातडी खरवडते. वरच्या पिस्टनची रिंग एका टोकाला तुटली आहे आणि एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर खोल चरे पडले आहेत. खालच्या सिलिंडरच्या कडाही तशाच सोडल्या आहेत. तो आज ठीक दिसतो, पण तो तसाच चालवणे मला धोक्याचे वाटते.

धोका कुठे आहे ते कार्यालयात बसून कळणार नाही. देवबागला कर्ली नदीचे तोंड आहे. ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की वाळूच्या पट्ट्यावर ती फुटते. तिथे इंजिन बंद पडले तर होडी आडवी होते. माझे इंजिन तिथेच थांबले. माझा भाऊ आणि पुतण्या होडीत होते. नांगर टाकायला जागा मिळाली आणि मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून निभावले. हा मुद्दा तुमच्या फाइलमध्ये नोंदवावा.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर असेही सांगितले की मासेमारी हा व्यवसाय आहे, त्यामुळे मी ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरली जात नाही. होडी मी स्वतः चालवतो, घर त्यावरच चालते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे जायची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

माझ्या मागण्या अशा. "ऑइल कमी" हे कारण लेखी मागे घ्यावे, कारण ते माझ्या नावावर खोटे लिहिले गेले आहे. दोन्ही बोअर मोजून ०.५० मिमी ओव्हरसाइजच्या पिस्टनने भागेल की नवा ब्लॉक लागेल ते आकड्यांसह कळवावे आणि काम कंपनीच्या खर्चाने करावे. क्रँककेसची प्रेशर टेस्ट माझ्यासमोर व्हावी आणि गेजवर दिसलेले आकडे जॉब कार्डवर लिहून मिळावेत. न बसवलेल्या सीलचे पैसे परत द्यावेत. हंगामात बुडालेल्या कमाईचा हिशेब मी स्वतंत्र पत्राने देत आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर हवे. जुना सील, तुटलेली रिंग आणि दोन्ही पिस्टन न पुसता पिशव्यांत ठेवले आहेत. तुमच्या तंत्रज्ञाने देवबागला येऊन ते तपासावेत. केंद्रात नेण्यासाठी मी ते सोडणार नाही.

आपला,
इंजिनाचा मालक, देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग