लंडनहून बाबांना

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर आई म्हणाली की तुम्ही मोडीचं पुस्तक माळ्यावर टाकलंत. "आता डोक्यात शिरत नाही," असं म्हणालात म्हणे. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. वय बेचाळीस, दोन मुलांचे वडील. इथली काळी टॅक्सी चालवायचा परवाना त्यांना काढायचाय. त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिला सगळे नुसतं 'नॉलेज' म्हणतात. ती १८६५ पासून चालू आहे. शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची हॉटेलं, दवाखाने, कोर्टं, नाट्यगृहं, सगळं डोक्यात हवं. तीन-चार वर्षं सहज जातात. परीक्षक समोर बसून दोन ठिकाणं सांगतो आणि मधला सर्वांत जवळचा रस्ता वळणावळणानं तोंडी सांगायचा. नकाशा बघायचा नाही.

आठवड्यातून दोनदा मी त्यांचं ऐकायला बसते. याला 'कॉलिंग ओव्हर' म्हणतात. मी वही धरते, ते डोळे मिटून म्हणतात. पहिलाच मार्ग मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर: ग्रीन लेन्स, पुढे सेंट पॉल्स रोड, हायबरी कॉर्नर, अप्पर स्ट्रीट... असे ३२० मार्ग. म्हणताना त्यांचे हात हलतात, बाबा. डावीकडे वळायचं असलं की डावा खांदा किंचित खाली जातो. कारण दर रविवारी पावसापाण्यात स्कूटरवर, हँडलला नकाशा अडकवून, ते त्या गल्ल्यांतून स्वतः फिरून आलेले असतात. घरी आले की भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणतात आणि आपला रस्ता त्या दोऱ्याच्या किती जवळून जातो ते बघतात. तुम्ही आम्हाला सांगायचात ना, पाठ नको, डोळ्यांपुढं यायला हवं. अगदी तेच.

आता मुद्द्याचं. इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एलेनॉर मॅग्वायर नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी २००० साली १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूची छायाचित्रं तपासली. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा. त्याचा मागचा हिस्सा या लोकांत इतरांपेक्षा मोठा निघाला. जितकी वर्षं टॅक्सी चालवलेली, तितका जास्त. मग त्यांनी बसचालकांशी तुलना केली. शहर तेच, रहदारी तीच, पण मार्ग ठरलेला. त्यांच्यात ही वाढ दिसली नाही.

मला वाटलं, मुळातच तसा मेंदू असलेली माणसं या धंद्यात येत असतील. तीच शंका मॅग्वायर यांनाही होती. म्हणून नॉलेज सुरू करणाऱ्या ७९ जणांना आधी तपासलं आणि काही वर्षांनी पुन्हा. सुरुवातीला कुणातच फरक नव्हता. ३९ जण पास झाले आणि वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. हे २०११ साली छापून आलं. ही शाळकरी पोरं नव्हती, प्रपंचातली मोठी माणसं होती.

किंमतही मोजावी लागते, तेही सांगते. एखादी गुंतागुंतीची आकृती बघून थोड्या वेळानं आठवून काढायची असली, की पास झालेले मागे पडतात.

साठीतल्या माणसाच्या मेंदूत असंच होईल, असं यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे तसं वचन मी तुम्हाला देत नाही. पण मोठ्या वयात डोकं घट्ट होऊन बसतं हे जे आपण धरून चालतो, ते माझ्या मनातून पार गेलंय. वरचे गृहस्थ दोनदा नापास झाले. आता ५६ दिवसांनी पुन्हा तारीख आहे आणि आज सकाळीच स्कूटर बाहेर काढलेली दिसली.

पुस्तक खाली काढा. रोज एकच पान. रविवारी फोनवर मला वाचून दाखवा. मला मोडी येत नाही, म्हणून चुका काढता येणार नाहीत, पण वही घेऊन समोर बसेन.

आईला नमस्कार.

तुमची लेक