पहिला फिल्म कॅमेरा स्वस्तातला घ्या, उरलेले पैसे रोलला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजची मुलं परत रोलच्या कॅमेऱ्यांकडे वळतायत असा लेख तुमच्या रविवारच्या पुरवणीत आला होता, वाचून खूप बरं वाटलं. मी चिपळूणला १९८९ पासून स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण लेखाच्या शेवटी नवशिक्यांसाठी कॅमेऱ्यांची जी चौकट दिलीय ती वाचल्यावर राहवलं नाही. त्यात सगळ्यात वर कॅनन एई-१ आणि त्याच्या खाली २०२४ ला आलेला नवाकोरा पेंटॅक्स १७, जो आला तेव्हा परदेशात ५०० डॉलरला विकला जात होता. दोन्ही कॅमेरे चांगलेच आहेत, वाद नाही, पण ज्या मुलाने अजून एकही रोल भरलेला नाही त्याला एवढा खर्च सांगायचा म्हणजे तो पोरगा कॅमेरा घेईल आणि रोलला पैसे उरणार नाहीत.

हिशोब बघा. साधा कलरचा ३६ चा रोल मला आत्ता हजाराच्या आसपास पडतो, धुऊन स्कॅन करून घ्यायला वर पाचशे. म्हणजे एक क्लिक साधारण ४० रुपयांच्या वर जाते. आता कुणाकडे पंधरा हजार असतील आणि त्याने ते सगळे कॅमेऱ्यात घातले तर महिन्याभरात तो कॅमेरा कपाटात जाणार, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेच सहा हजारांत कॅमेरा बसवला तर उरलेल्या नऊ हजारांत सहा रोल होतात, म्हणजे २१६ फोटो, आणि माणूस शिकतो तो या २१६ फोटोंत. फोकस का हुकला, एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, का कमी पडलं, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या रोलनंतर हाताला कळायला लागतं.

माझी भाची कोल्हापूरला आर्टला आहे, तिनेही मला एई-१ ची ऑनलाइन लिंक पाठवली, अठरा हजार, आणि विचारलं मामा हा घेऊ का. मी सरळ नको म्हटलं. एई-१ हा १९७६ चा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा, सहा व्होल्टचा सेल नसेल तर शटर पडतच नाही, आणि आतलं सर्किट गेलं तर दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागतं. जुने पीस शटर दाबल्यावर खोकल्यासारखा आवाज करतात, तो आला की समजायचं आतलं तेल सुकलंय. त्याच साली आलेला पेंटॅक्स के १००० घ्या, पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यासाठी लागतो, सेल संपला तरी एक सेकंदापासून हजारपर्यंत (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) शटरचे सगळे स्पीड चालतात. हा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता म्हणून अजून मिळतो आणि त्याचे पार्टही मिळतात. त्याला ऑन-ऑफचं बटण नाही, लेन्सला झाकण लावलं की मीटर झोपतो, तेव्हा झाकण हरवू नका नाहीतर सेल उतरतो.

आम्ही मुंबईला बोरा बाजारात गेलो, तीन दुकानं फिरलो, शेवटी ५० एमएमच्या लेन्ससकट के १००० साडेसात हजाराला मिळाला, एक सेकंदाचा स्पीड अडकत होता तो दाखवून पाचशे कमी करून घेतले आणि नंतर ओळखीच्या कारागिराकडून साफ करून घेतला.

एवढंही परवडत नसेल तर रशियन झेनिट बघा. तीन-चार हजारांत मिळतो, वजनाला वीट आहे, डोळा लावायच्या फायंडरमध्ये दिसतं त्यापेक्षा जास्त फोटोत येतं, आणि झेनिट-ई ला १/३० पासून ५०० पर्यंतच स्पीड आहेत. पण त्याच्यासोबत येणारी हेलिओस ५८ एमएम एफ २ लेन्स इतकी सुंदर आहे की आजकालची मुलं ती एकटी काढून डिजिटलला लावतात. झेनिट-ई चा मीटर सेलेनियमचा, तो उजेडावरच चालतो, त्याला सेलच लागत नाही, मात्र इतक्या वर्षांनी बऱ्याच पीसचे मीटर मेलेले असतात. मेला तरी घाबरायचं कारण नाही, मोबाइलवर मीटरचं फुकट ॲप मिळतं, आणि आम्ही शिकलो तो सोळाचा नियम आहेच. कडक उन्हात अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ १६ आणि शटर रोलच्या आयएसओएवढा (रोलवर छापलेला संवेदनशीलतेचा आकडा), १०० चा रोल असेल तर १/१२५, ढग आले की अपर्चर एक-दोन घर उघडा. मी कितीतरी लग्नांत दुपारचे ग्रुप फोटो याच अंदाजाने काढलेत.

आणि बाजारात जायच्या आधी माळा बघा! हे मी मनापासून सांगतोय. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कितीतरी घरांतून माणसं आखातात कामाला होती आणि येताना कुणी याशिका आणला, कुणी मिनोल्टा, कुणी पेंटॅक्स. ते सगळे कपाटांत पडून आहेत. काकांना, आजोबांना विचारा. कोडॅक केबी १० किंवा याशिका एमएफ २ निघाला तर तोही वाया नाही, फोकस-अपर्चर शिकता येणार नाही कारण ते हवे तसे बदलता येत नाहीत, पण दोन पेन्सिल सेल टाकून फ्लॅश लागतोय का बघा आणि बिनधास्त एक रोल मारा. आग्फाचा क्लिक ३ निघाला तर त्याला १२० चा वेगळा, रुंद रोल लागतो, बाराच फोटो येतात, तो दुसऱ्या कॅमेऱ्याबरोबर हौसेने वापरा.

आता तपासायचं कसं ते लिहितो कारण त्या लेखात यावर एक ओळ नव्हती. मागचं दार उघडा, लेन्स लावलेली असू दे, कॅमेरा खिडकीकडे धरा, शटर हजारवर ठेवून दाबा, उजेडाची चमक पूर्ण चौकटीत दिसली पाहिजे, एका बाजूला काळं राहिलं तर शटर आजारी आहे. मग एक सेकंदावर, अर्ध्यावर, पावावर, कानाने ऐका, फरक कळतो. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाबा, चिकट डांबरासारखा झाला असेल तर तो बदलावाच लागतो नाहीतर फोटोवर लाल-केशरी पट्टे येतात. पण त्यासाठी कॅमेरा सोडू नका, काळी लोकर खाचेत बसवून मी असे कॅमेरे वर्षानुवर्षे चालवलेत. सेलचं झाकण उघडून आत गळलेल्या सेलचा हिरवा-पांढरा थर आहे का बघा.

सगळ्यात महत्त्वाची लेन्स. अपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळिष्टकासारखं जाळं दिसलं की ती बुरशी. आमच्या कोकणात चार महिने पावसाळा, त्यात लोक कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवतात, ते चामडंच ओल धरतं आणि लेन्स जाते. कडेला बारीक असेल तर साफ होते, मधोमध पसरून काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर दुकानदार काहीही म्हणू दे, घेऊ नका. घेतलेला कॅमेरा कव्हरमधून काढून घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि पुरात भिजलेला कॅमेरा फुकट दिला तरी नको. २०२१ च्या जुलैतल्या पुरात माझे दोन चांगले कॅमेरे पाण्याखाली गेले, बाहेरून पुसल्यावर नव्यासारखे दिसत होते पण आत गाळ बसलेला, गिअर फिरेनात. तसे पीस बाजारात येतात, स्क्रूच्या खोबणीत गंज किंवा माती दिसली की परत ठेवा.

ऑनलाइन घेताना ‘अनटेस्टेड’ लिहिलं असेल तर बंद आहे असं धरूनच भाव करा, आणि ‘टेस्टेड’ म्हणत असतील तर त्याच कॅमेऱ्यावर काढलेल्या रोलचे फोटो मागा.

एक सेलची गोष्ट राहिली. ऑलिंपस ओएम-१ किंवा कॅननेटसारखे जुने कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचे, ते सेल आता बनत नाहीत, त्याजागी साधा दीड व्होल्टचा टाकला की मीटर चुकीचं सांगतो आणि मुलांना वाटतं कॅमेरा खराब. कुठल्याही मेडिकलमध्ये कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल मिळतो, तो १.४ च्या आसपास असतो, बाजूने रबराची रिंग लावून बसवा, दीड-दोन महिने छान चालतो.

पहिला रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरते का ते बघाच. नाही फिरली तर रोल दात्यांत धरलेला नाही. माझ्याकडे एक मुलगी पूर्ण सहलीचा रोल घेऊन आली होती, पुंगळीतून बाहेरच आला नव्हता, तिचा चेहरा मी विसरलो नाही. आणि लॅबला रोल पाठवताना निगेटिव्ह परत पाहिजेत असं लेखी सांगा. आमच्याकडे आता कलर धुणारं कुणी उरलं नाही, कुरिअरने पाठवावं लागतं, एका लॅबने मला फक्त स्कॅन पाठवले आणि निगेटिव्ह टाकून दिल्या, ते एका गिऱ्हाईकाच्या वडिलांचे शेवटचे फोटो होते. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुता येतं, काळी पिशवी, फिल्म धुवायचा बंद टँक, चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्कं करणारा फिक्सर, डेव्हलपर २० अंशाला लागतो आणि मे महिन्यात आम्ही त्यासाठी माठाचं पाणी घ्यायचो, तरी जास्त वाटलं तर बर्फाच्या भांड्यात बाटली ठेवायची.

संपादकसाहेब, माझी एक विनंती आहे. कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर प्रत्येक जिल्ह्यात आता एखाद-दुसरेच उरलेत, बहुतेक साठीच्या पुढचे, हाताखाली शिकणारं कुणी नाही. भाचीचा कॅमेरा ज्यांनी साफ केला ते म्हणाले यावर्षी महिन्याला दहा-बारा कॅमेरे यायला लागलेत, मधली काही वर्षं दोनसुद्धा येत नव्हते. अशा लोकांवर तुमच्या पुरवणीत एक पान करा, त्यांच्या परवानगीने त्यांचा पत्ता छापा, मुलं नक्की जातील, एखादा तिथे शिकायलाही बसेल. पत्र लांबलंय, जागा नसेल तर बाकी कुठेही कात्री लावा पण तपासणीचा भाग आणि ही कारागिरांची विनंती तेवढी ठेवा. चिपळूणला कुणी जुना कॅमेरा घेऊन आलं तर मी बघून देतो, पैसे घेत नाही.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला
चिपळूण, जि. रत्नागिरी